पटवारी लढाईचं गाव आखतो

समोसा एकच असला की पटवारी तो बरोबर मधोमध मोडायचा. दोन्ही तळहातांवर एकेक तुकडा ठेवून हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "मी तोडला. आता तू उचल."

मी मोठा तुकडा उचलायचो. लाज कशाची? त्यानंच सांगितलं होतं उचल म्हणून. मग पुढच्या वेळी तो इतका सारखा तोडायचा की मोठा कोणता ते मला कळायचं नाही. मी पाहत बसायचो आणि तेवढ्यात तो चटणी संपवायचा.

असा माणूस तुमच्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एखादा असेल. भांडण नको म्हणून सगळं सारखं वाटणारा, आणि त्या वाटण्यानंच लोकांचं डोकं खाणारा. आमचा आता राहिला नाही. मागच्या थंडीत पुण्याला पोरीकडं मेला. लोक वारला म्हणतात, देवाघरी गेला म्हणतात. माझ्या बायकोच्या वेळीही म्हणाले. मला ते जमत नाही. मेला म्हटलं की निदान काय झालं ते समजते.

नाव त्याला होतं, पण ते कोणी घेत नव्हतं. गावोगावच्या जमिनी मोजण्यात आणि त्यांचे नकाशे सांभाळण्यात त्याची नोकरी गेली, म्हणून तो पटवारी. रिटायर झाला तरी पटवारीच. मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होतो, म्हणून तो मला फिटर म्हणायचा. छत्तीसगढात, बीरगांवच्या अलीकडं आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधल्या भिंतीच्या चार विटा कधीतरी पडल्या, मग आणखी पडल्या, आणि माणूस जाईल एवढं खिंडार झालं. तो त्या खिंडारातूनच यायचा. पुढच्या दारानं आलेला मी त्याला फारसा पाहिला नाही.

माझ्या बायकोचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. आमचा प्लॉट मोजायला तोच आला होता. तो साखळी ओढत पुढं, आणि ही खराटा घेऊन त्याच्या मागं मागं. पुढं शेजारी झाला तरी ती तोंडावर सांगायची, "पटवारी भाऊजी, तुम्ही अंगणात आले का आमची तुळस एक हात सरकते." तो म्हणायचा, "वहिनी, तुळस तिथंच आहे. तुमचं घर सरकलं." मग ती चहा द्यायची, आणि कप काठोकाठ भरून द्यायची, की हलवताना त्याच्या पायजम्यावर सांडावा. सांडायचाही.

मी त्याचा देव करत नाही. नोकरीत चहापाणी घेतलं असेल. पटवारी होता, संत नव्हता.

तर या पटवाऱ्याला म्हातारपणी लढाईचं वेड लागलं.

त्याची बायको मागंच मेलेली, एकुलती पोरगी पुण्याला नोकरीला. पोरीचा जुना कंप्युटर घरी पडून होता. त्यात एक खेळ होता, ती कॉलेजात असताना खेळायची. बाप एकटा बसतो म्हणून तिनं फोनवरून त्याला तो शिकवला. खेळ असा: पडद्यावर दोन गावं असतात, एक तुमचं, एक समोरच्याचं. तुमची माणसं लाकूड तोडतात, सोनं खणतात, घरं बांधतात. मग तुम्ही शिपाई तयार करता आणि समोरच्याच्या गावावर घालता. बुद्धिबळासारखी पाळी नसते त्यात. तुम्ही विचार करत बसले, की तो येऊन घर पेटवून जातो. दूरदूरच्या देशांतले लोक घरी बसून एकमेकांशी हे खेळतात, आणि त्यांना दुसरा काही धंदा नसावा असं मला वाटायचं.

पटवाऱ्याला लढता येत नव्हतं. शत्रू दारात आला तरी हा आपला समोरच्याच्या जंगलाची हद्द पाहत बसलेला. पण एक दिवस त्याला कळलं, की त्या खेळात जमीन स्वतः बनवायची सोय आहे. नदी कुठं, टेकडी कुठं, सोन्याची खाण कोणाच्या दारात किती, सगळं आपण ठरवायचं. मग त्या जमिनीवर दुसरे लोक लढतात.

त्या दिवशी तो खिंडारातून जवळजवळ पळतच आला. "फिटर, हे तर आपलं खातं आहे!"

नोकरी परत मिळाल्यासारखा माणूस दिसत होता. बायको मला म्हणाली, आता कंप्युटरवाल्यांच्या तुळशी सरकणार.

त्या खेळवाल्यांची एक मंडळी होती. ते दरवर्षी मोठी स्पर्धा घेतात आणि लोकांनी बनवलेल्या नकाशांतले मोजकेच त्यासाठी निवडतात. आपला एक तरी नकाशा तिथं लागावा, एवढंच पटवाऱ्याला पाहिजे होतं. पोरगी त्याला कायमचं पुण्याला नेणार होती. साखर वाढलेली, डोळे अधू झालेले, एकटं ठेवायला ती तयार नव्हती. जायच्या आत एक नकाशा पास व्हावा म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. मी विचारलं, काहून एवढं? पैसे देतात का?

"पैसे कशाचे," तो म्हणाला. "जिंदगीभर जमीन मोजली, फिटर. एकाले बरोबर वाटली का दुसरा शिव्या द्यायचा. मले एक जमीन अशी करायची आहे, का तिच्यावर हारला तो बी म्हणन, जमीन बरोबर होती."

मी म्हटलं, असं कोणी म्हणत नसते. हारणारा आधी जमिनीलाच शिव्या देते.

"म्हणून तर," तो म्हणाला.

पहिला नकाशा त्यानं फार सुंदर केला. खेळात मोहाचं झाड मिळत नाही, म्हणून कोणतंतरी विलायती झाड घेऊन त्यालाच तो मोह म्हणायचा. असे मोह त्यानं इतके लावले, की शिपाई त्यांच्यात अडकून पडले. मंडळीकडून इंग्रजीत उत्तर आलं, पोरीनं फोनवर वाचून दाखवलं: दिसायला छान आहे, चालता येत नाही. माझी बायको म्हणाली, लग्नाचा हॉल केला असेल भाऊजींनी.

मग त्यानं रागानं सगळी झाडं काढली आणि नुसता भाठा केला. उजाड, सपाट. दोन्ही फौजा निघाल्या त्या सरळ एकमेकांच्या अंगावर. खेळ सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. तोही परत आला.

तिसऱ्यात त्यानं प्रत्येकाच्या गावातच सगळं देऊन टाकलं. सोनं, लाकूड, पाणी, आणि भोवती टेकड्यांची भिंत. कोणी घराबाहेरच निघेना. मी म्हटलं, "दोघं बी पेन्शनर." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

असं करत करत त्याला अक्कल येत गेली, आणि आलेली अक्कल तो मला सांगत गेला, मी विचारलेलं नसताना. नकाशा अर्धाच आखायचा. मग तोच अर्धा फिरवून समोर लावायचा, म्हणजे दोघांना तंतोतंत तेच मिळते. टेकडीवर चढायची वाट फार अरुंद नको, नाहीतर चार जण अख्खी फौज अडवून धरतात. फार रुंद नको, नाहीतर टेकडी असून नसल्यासारखी. दारात थोडं सोनं ठेवायचं, उपाशी मरू नये इतकं. खरं सोनं मधल्या माळावर, दोघांपासून सारखं दूर. घर सोडल्याशिवाय ते मिळायला नको.

मी अर्धं ऐकायचो. बायको पूर्ण ऐकायची आणि मग एकच विचारायची, "भाऊजी, यात स्वयंपाक कोण करते?" 

मग माझी बायको मेली.

त्यावर मी जास्त लिहीत नाही. लोक आले, बसले, गीतेतलं काही सांगून गेले. माझा मुलगा भिलाईहून आला, तेरवी करून गेला. मी घरात राहिलो. चूल पेटवली तर पेटवली. दाढी वाढली. टीव्ही चालू असायचा, काय चालू आहे ते मला माहीत नसायचं.

पटवारी रोज खिंडारातून यायचा. तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. शेंगा घेऊन यायचा, सोलून खायचा, टरफलं माझ्याच अंगणात टाकायचा आणि जायचा. एक दिवस म्हणाला, "फिटर, एक काम आहे. करशील?"

"कोणतं?"

"हारायचं."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो गंभीर होता. त्यानं समजावून सांगितलं: खेळणारे पोट्टे फार हुशार आहेत. नकाशात चूक असली तरी ते निभावून नेतात, मग चूक दिसतच नाही. त्याला असा माणूस पाहिजे होता ज्याला काहीच येत नाही. तो जिथं अडकेल तिथं जमीन वाईट.

"मग मीच काहून?"

"अख्खा पारा पाहून आलो. तुयाइतकं काही न येणारा दुसरा नाही भेटला."

बरेच दिवसांनी मला राग आला. त्या रागात मी उठलो, पायात चप्पल घातली आणि त्याच्या मागोमाग खिंडारातून गेलो.

असा मी त्याचा हारणारा झालो. दुपारी जेवण झालं की जायचो. समोरून कंप्युटरच खेळायचा आणि मला रोज मारायचा. पटवारी शेजारच्या खुर्चीवर, नाक पडद्याला लावून. मी कुठं अडतो, कुठं चुकतो, ते पाहून मान हलवायचा. माझा हात कंप्युटरच्या उंदरावर बसायचा नाही, नट कसायची सवय. मी तो असा दाबून धरायचो, की पटवारी म्हणायचा, "हळू. तो वॅगनचा नाही आहे."

मी गावाबाहेर जात नव्हतो. माझी माणसं घराभोवतीच फिरायची. पटवारी वैतागायचा.

"बाहेर निघ ना बे. सोनं बाहेर ठेवलं आहे तुयासाठी."

"घरी काय वाईट आहे?"

"घरचं संपते, फिटर."

 दुसऱ्या दिवशी मी दोन माणसं माळावर पाठवली. ती मेली. तरी पटवारी खूश. म्हणाला, आता बरोबर जागी मेली.

त्या खेळात बायाही असतात. लुगड्यासारखं काहीतरी नेसलेल्या, बोटभर उंचीच्या. एकदा सांगितलं की लाकूड तोडतात, भारा उचलतात, घरी टाकतात, परत जातात. मी एक बाई तळ्याच्या काठच्या झाडांवर लावून दिली होती. एका दुपारी मी दुसरं काही केलंच नाही. शिपाई नाही, घर नाही. तिचं जाणं-येणं पाहत बसलो. वाकली, उठली, चालली. भारा टाकला की जरा थांबायची, कंबर सरळ केल्यासारखी. ते त्या खेळात सगळ्याच बाया करतात, बनवणाऱ्यानं तसं केलं असेल. पण माझी नजर हटेना.

पटवाऱ्यानं पाहिलं. एरवी त्यानं टोकलं असतं. त्यानं पंखा माझ्याकडं वळवला आणि आत जाऊन शेंगा सोलत बसला.

तेवढ्यात घोडेस्वार आले. पुढच्या वाटेनं नाही, मागून. माझ्या गावाच्या पाठीशी तळ्याजवळून एक वाट होती, ती मला माहीतच नव्हती. त्यांनी तिला तिथंच पाडली. भारा डोक्यावर होता.

मी उठलो. बंद कर म्हटलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही हसाल, बोटभर चित्रासाठी म्हातारा रुसला. हसा.

पटवारी आला. खाटेच्या कडेला बसला. म्हणाला, "ते धरशातून आले."

धरसा म्हणजे गावातून रानाकडं जाणारी गुराढोरांची वाट. आमच्या वर्धेकडं तिला पांदण म्हणतात. इकडं छत्तीसगढात गाव तिथं धरसा. पटवाऱ्यानं लढाईचं गाव आखलं, त्यात तळं ठेवलं, गुरं बसायची जागा ठेवली, आणि हात सवयीनं गेला तसा धरसाही ठेवला. दोन्ही गावांना एकेक, पाठीमागून. गाव म्हटलं की ढोरं जायला वाट पाहिजेच. त्या लढाईत एकही ढोर नव्हतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. हा घोटाळा पटवारीच करू शकतो.

योगायोग पाहा, त्याच आठवड्यात या नकाशावर मंडळीचं उत्तर आलं. पोरीनं फोन स्पीकरवर टाकायला लावला. म्हणाली, पापा, आत्तापर्यंतचा सगळ्यांत चांगला आहे म्हणतात. तिला मराठी समजायचं, बोलायची हिंदीच. "बस वो पीछे का रास्ता बंद कर दो। उधर से घुसके कोई भी तुरंत जीत जाता है। बंद किया तो ले लेंगे।"

मला वाटलं पटवारी नाचेल. तो म्हणाला, "धरसा बंद नाही होत."

"पापा, ये गेम है। तहसील नहीं।"

"कुठं बी असो. धरसा बंद नाही होत."

तिनं पुष्कळ समजावलं. मग माझ्याशी बोलली, काका, तुम्ही सांगा. फोन ठेवल्यावर मी सांगायला लागलो. एक रेघ पुसायची होती. ती पुसली की ज्याच्यासाठी इतकी वर्षं डोळे फोडले ते हातात. पुण्याची गाडी ठरलेली. आणखी एक नकाशा करायला वेळही नव्हता आणि डोळेही नव्हते.

तो म्हणाला, "तुले एक सांगू? नवीन नोकरीत होतो. एका मालगुजारानं धरसा आपल्या वावरात घेतला, तारा ठोकल्या. कागदावर काय झालं ते जाऊ दे. पण संध्याकाळी ढोरं परत आली आणि तारेपाशी उभी राहिली. हाकललं तरी हालत नाही. त्याहिले दुसरी वाट सांगता येत नाही ना. रात पडली तरी उभी. हंबरत. ते मी ऐकलं आहे, फिटर."

"पण इथं ढोरं आहेत कुठं?"

"नाही आहेत."

"मग?"

"वाट ढोरासाठी नसते नुसती. अडीअडचणीले गावाले मागून निघता आलं पायजे."

माझा पारा चढला. मी म्हटलं, निघते कोण तिथून? येतात. "त्याच वाटेनं येऊन माह्या बाईले मारलं त्यांनी."

 मला म्हणायचं होतं माझ्या गावातली बाई. पटवारी जमिनीकडं पाहत राहिला. मी म्हटलं, ठेव तुझा धरसा, मला हारायला बोलावू नको, आणि निघून आलो.

त्याच संध्याकाळी मी भिंतीच्या खिंडारात बोरीच्या काट्या टाकल्या. चांगल्या दाट, बांधून. गाई शिरून बायकोनं लावलेली लाल भाजी खातात म्हणून. गाई आधीही शिरायच्या, तो भाग वेगळा.

पटवारी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर खिंडारातून आवाज आला, "आई गं." पाहतो तर हा काट्यांत. एक पाय माझ्याकडं, एक पाय त्याच्याकडं, पायजमा मांडीपासून अडकलेला.

"कशाले आला?" मी विचारलं.

"समेट कराले आलो. काढ ना."

"दार आहे ना पुढं."

"दारानं परके येतात."

मी जवळ गेलो, काटा धरला. तर तोच म्हणाला, "थांब. हालू नको." अडकलेला तो, आणि हलायचं मी नाही. तो काट्यांकडं पाहत होता. पायजमा टर्र फाटला तरी त्याचं लक्ष नाही. एक काटी त्यानं उचलली, पुन्हा होती तिथं ठेवली.

"गाय परत गेली का रे इथून?"

"गेली. तोंड घातलं आणि गेली."

"आणि मी आलो."

"पायजमा फाडून."

"हव," तो म्हणाला. "म्हणजे वाट आहे. आणि नाही बी. ज्याले यायचंच आहे, तो फाडून येईल. पण त्याले वेळ लागन. तेवढ्यात घरचा माणूस दात घासून तयार होते." आणि तसाच, फाटक्या पायजम्यानं, उलट पावली गेला. समेट राहूनच गेला. पुन्हा केलाच नाही कधी.

खेळात लाकडी कुंपण मिळते, कुऱ्हाडीनं तोडता येणारं. त्यानं दोन्ही धरशांवर तसं दाट कुंपण घातलं, भोवती वाळकी झुडपं. पुन्हा मला बसवलं. घोडेस्वार आले, कुंपणापाशी खोळंबले, तोडायला लागले. मला दिसले. मी बायांना आत घेतलं. पहिल्यांदा कोणी मेलं नाही. नंतर मी हारलोच, पण आरामात हारलो.

नकाशा मंडळीकडं गेला. उत्तर यायला वेळ लागला. तोवर पोरगी सामान बांधायला येऊन पोचली होती. तिनंच स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, की घेतला. स्पर्धेत लागला. मी म्हटलं आता तरी नाचेल. तो उठला आणि दाढी करायला गेला.

स्पर्धेचा सामना रविवारी दुपारी होता, त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी. पटवाऱ्यानं इस्त्रीचा सदरा घातला, गंध लावलं. पोरीच्या लग्नातही तो इतका नीट दिसला नव्हता. घरात भांडी पोत्यांत भरलेली, भिंतीवरचे देव काढलेले. कंप्युटर तेवढा टेबलावर. पोरगी आत गाद्या बांधत होती. आम्ही दोघं समोर बसलो. पडद्यावर कोणीतरी भराभर इंग्रजी बोलत होतं, जसा काही आगगाडीला उशीर होत होता. एक लाल, एक निळा. कोणत्या देशाचे होते देव जाणे.

पटवारी मला दाखवत होता: हे पाहा माळाकडं निघाले, हे पाहा टेकडी घेतली. "दोघंही बाहेर निघाले ना? पाहिलं ना?" मी म्हटलं पाहिलं. थोड्या वेळानं त्याचं बोलणं थांबलं. पाहतो तर मान छातीवर. ज्या सामन्यासाठी इतकी वर्षं घातली, त्यात हा झोपला. गंध लावून, इस्त्रीच्या सदऱ्यात, घोरत. आदल्या दिवसापासून पेट्या उचलत होता, त्यात साखर. मी उठवणार होतो. मग म्हटलं, मजा आली की उठवू.

निळा चांगला खेळत होता. मग माळावर त्याची फौज कापली गेली, आणि लाल पुढच्या वाटेनं त्याच्या गावात घुसला. एकेक घर पेटलं. बोलणारा माणूस आणखी जोरात बोलायला लागला. मला कळलं, की संपलं.

तेवढ्यात मागं, तळ्याजवळ, काही हललं. निळ्याच्या बाया होत्या. हातातलं काम टाकून त्या धरशाकडं गेल्या आणि कुऱ्हाडी घेऊन कुंपणाला भिडल्या. आतून. इकडं लाल घरं जाळत होता, त्याचं लक्ष नव्हतं. कुंपणाची एक फळी पडली, मग दुसरी. बाया एकामागं एक बाहेर निघाल्या. तळ्याच्या काठानं, रानात, पार नकाशाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं त्यांनी लाकूड तोडलं आणि एक खोपटं बांधायला घेतलं. लाल जळक्या गावात त्यांना शोधत फिरत होता.

मी पटवाऱ्याला उठवायचं विसरलो.

तो आपणहून जागा झाला तेव्हा पडदा काळा झाला होता आणि आत पोरगी कुणाला तरी फोनवर पत्ता सांगत होती. त्यानं चष्मा सारखा केला.

"कोण जिंकलं?"

"मले नाही मालूम. मी नाही पाहिलं."

"मग एवढा वेळ काय पाहून राहिला होता?"

"गाव जळलं," मी म्हटलं. "बाया निघाल्या. धरशानं."

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"सगळ्या?"

एक मागं राहिली होती.

"सगळ्या," मी म्हटलं.